पहिला वाडगा कोणाचा

उतारवयात ताक छिल-सोंग आणि मा सुन-रे यांनी संसार मांडला तेव्हा दोघांच्या मुलांनी काही कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती कुत्र्यांनी.

छिल-सोंग यांनी चाळीस वर्षं टोंगयोंगच्या बंदरातून बेटांवर जाणारी बोट हाकली होती. सगळे त्यांना कप्तान म्हणत, सुन-रेसुद्धा. त्यांचा बोमी हा रुंद छातीचा, ताठ कानांचा, जिंदो जातीचा कुत्रा. सुन-रे बाजारात सुकी मासळी विकायची. तिची कुत्री कोंगी चपलेपेक्षा थोडीशीच मोठी.

पहिल्याच दिवशी कप्तानांनी जाहीर केलं, की घर बोमीचं, कोंगी पाहुणी, तेव्हा बोमी आधी जेवणार. सुन-रे म्हणाली, कोंगी बोमीपेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. थोरल्यांच्या आधी धाकट्यांनी तोंड घालायचं, ही कुठली रीत? कप्तानांनी माघार घेतली, कारण आपल्या मुलांना त्यांनी जन्मभर हेच ऐकवलं होतं.

मग दोन्ही वाडगे एकाच वेळी ठेवायचं ठरलं. ते जमिनीला टेकायच्या आत जुंपली. वाडगे अंगणाच्या दोन टोकांना नेले, तर दोघंही दुसऱ्याच्या वाडग्याकडे धावली. शेवटी कप्तानांनी बोमीचा पट्टा धरला आणि सुन-रे कोंगीला मांडीवर घेऊन चमच्याने भरवू लागली. ते पाहून बोमीने असा हिसका दिला, की वाळत घातलेल्या मासळीवरून कप्तान फरफटत गेले. या गडबडीत कुणीतरी त्यांच्या हाताला चावलं.

"तुझ्या कोंगीचेच दात हे," कप्तान कण्हत म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टर बांग बाई कोंगीचा लचकलेला पाय बघायला आल्या होत्या. त्यांनी कप्तानांची जखम पाहिली आणि एवढा जबडा कोंगीचा नव्हे, असं सांगून त्यांना दवाखान्यात पिटाळलं.  संध्याकाळी सुन-रेने बॅग खाली काढली.

"रविवारी मुलगा गाडी घेऊन येईल. रोजच्या मारामाऱ्या बघत मला नाही नांदायचं."

 दुसऱ्या दिवशी कप्तान एकटेच बांग बाईंकडे गेले. बाईंनी विचारलं, तुम्ही मध्ये नसता तेव्हा आधी कोण खातं?  कप्तान मध्ये नाहीत असं कधी झालंच नव्हतं.

"त्यांचं त्यांनी कधीच ठरवलं असेल, कप्तान. तुम्ही दोघं ते मोडता, म्हणून भांडणं होतात. उद्या नुसते बसा. जो मागे सरेल तो धाकटा. थोरल्याला आधी वाढत जा."

शनिवारी सकाळी नवरा-बायको अंगणात खुर्च्या टाकून बसली, हात मांडीवर, तोंडं बंद. बोमी आधीच वाडग्याशी उभा होता. कोंगी लंगडत, शेपूट वर करून आली. गुरगुरली नाही, नुसतं पाहिलं. बोमी दोन पावलं मागे सरला, खाली बसला आणि बंदराकडे बघू लागला. कोंगीने त्याच्या वाडग्यातलं खाल्लं, स्वतःच्याही वाडग्यातलं चाखलं आणि बाजूला झाली. मग बोमी निवांत जेवला. थोड्या वेळाने दोघं एकाच उन्हात पसरली होती, कोंगीचं डोकं बोमीच्या पोटावर.

"माझा कुत्रा भित्रा नाही," कप्तान म्हणाले.

"भित्रा कशाला? वळण आहे त्याला."

सुन-रेने मुलाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं, बॅग माळ्यावर टाकली आणि दुपारी शिंपल्यांचं सूप केलं. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. कप्तानांनी नेहमीप्रमाणे आधी चमचा उचलला, तशी ती खाकरली.

"आज थोरल्या-धाकट्याचं निघालंच आहे, तर सांगून टाकते. माझ्या वडिलांनी माझा जन्म तीन वर्षं उशिरा नोंदवला. कागदावर मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, कप्तान. खरी एका वर्षाने मोठी."

चमचा अधांतरी थांबला. कप्तानांनी मनातल्या मनात दोनदा हिशोब केला, दोन्ही वेळा तोच आला. इतके दिवस आपण हिला अगं-तुगं करत आलो, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ते पाठ ताठ करून बसले.

"सुरू करा," ते हळूच म्हणाले. "सूप गार होईल तुमचं."

सुन-रेने चमचा उचलला, पण मुळीच घाई केली नाही.