पेटीला नवी अक्कल आली

एका जंगलात, मुलांनो, वाघाच्या राज्यात, जांभळाच्या ढोलीत एक स्विच बसवलेला होता.

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे रे. दात काढू नका, आधी ऐका. हा स्विच म्हणजे निरोपांची पेटी. जंगलभरच्या वेली तिला जोडलेल्या. कुणी आपल्या वेलीत बोललं की पेटी तो निरोप ज्याचा त्याला पोचवायची. अस्वलाचा अस्वलाला, मोराचा लांडोरीला. एवढंच तिचं काम, आणि ते ती नीट करायची. इथेच घोटाळा झाला. जी वस्तू नीट चालते ती साहेबलोकांना बघवत नाही.

या पेटीच्या डोक्यात जी अक्कल भरतात तिला प्रणाली म्हणतात. दरसाल जुनी अक्कल काढायची आणि नवी भरायची, याला म्हणायचं अपडेट. हे काम एका उदमांजराकडे होतं. त्याला सगळे उदमेसाहेब म्हणत. साहेब परमुलखातल्या जंगलात जाऊन आले होते. तिथे काय शिकले देव जाणे. पण येताना गळ्यात एक पट्टा घालून आले आणि तो झोपतानाही काढत नसत.

यंदाच्या अपडेटचा मोठा सोहळा झाला. नारळ फुटला. राजेसाहेब वाघ अध्यक्षस्थानी बसून जांभया देऊ लागले. उदमेसाहेबांनी घसा खाकरला.

"आता प्रत्येक निरोपाआधी घंटी वाजेल!"

टाळ्या.

"प्रत्येक निरोपाबरोबर राजेसाहेबांची छबी दिसेल!"

आणखी टाळ्या. राजेसाहेबांनी जांभई अर्ध्यावर सोडली.

"निरोप पोचला की हिरवा दिवा लागेल आणि पेटी 'धन्यवाद' म्हणेल!"

धन्यवाद कशाबद्दल, हे एकानेही विचारलं नाही. माना मात्र डोलल्या.

"आणि आता मुख्य सोय. पुनरुक्ती-निवारण! तोच तोच निरोप पुन्हा आला तर पेटी पहिला पोचवेल आणि बाकीचे गिळून टाकेल. फुकटची बडबड बंद! आजपासून उघड्यावर ओरडायलाही मनाई. काय बोलायचं ते पेटीतून बोला."

सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? ठिपकीने. ठिपकी ही नुकतीच व्यालेली हरिणी. तिचं पाडस अजून धड उभं राहत नव्हतं.

"बरं झालं बाई," ती शेजारच्या भेकरीला म्हणाली. "त्या वानरांचं मेलं सारखं खॅक खॅक. बाळाचा डोळा लागतोय न लागतोय तोच दचकून उठतं."

हरिणीने टाळ्या कशा वाजवल्या, असं विचारतोय कोण तो? खुरांनी वाजवल्या. गप्प बैस.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्या जंगलात वानराने एकदा 'खॅक' केलं, तर त्याला ठसका लागला असं समजायचं. 'खॅक खॅक खॅक' करत सुटला, तर बिबट्या आला, पळा! हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. उदमेसाहेबांनाही ठाऊक. मग सोहळ्यात कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? अरे, मागे जेवणाची पानं मांडत होते. सगळ्यांची नाकं तिकडे.

एकाच्या डोक्यात आलं. मागच्या रांगेत बिबटराव बसले होते. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "फार दूरदृष्टीची सोय आहे हो!" जेवायला मात्र ते थांबले नाहीत.

पुढे एका दुपारी ठिपकीने पाडसाला गवतात निजवलं आणि ती जरा लांब चरायला गेली. हरिणी असंच करतात. पोर गवतात लपलेलं, आई थोडी लांब, आणि दोघांची भिस्त झाडावरच्या वानरावर. झाडावर धोंडबा वानर होता. त्याला बिबटराव दिसले. पोट जमिनीला टेकवून गवताकडे निघालेले.

धोंडबाने वेल तोंडाशी धरली. "खॅक!"

ठिपकीच्या कानाशी घंटी वाजली. राजेसाहेबांची छबी दिसली. मग "खॅक" ऐकू आलं.

"कच्ची बोरं कोंबली असतील मेल्याने," ती म्हणाली आणि चरू लागली.

वर धोंडबा ओरडतच होता. "खॅक! खॅक! खॅक!" दर वेळी हिरवा दिवा लागे. दर वेळी पेटी म्हणे, "निरोप पोचला. धन्यवाद."

"पोचला म्हणतेय, मग ही बया पळत का नाही?" धोंडबा चक्रावला. त्याने पुन्हा ओरडून पाहिलं. पुन्हा धन्यवाद. शेवटी त्याने वेल भिरकावली, मनाई गेली चुलीत म्हणाला आणि छाती फुटेस्तोवर उघड्यावर बोंबलला.

ठिपकी धावली. वाऱ्यासारखी धावली. गवत दबलेलं होतं, आणि पाडस नव्हतं.

ती तशीच उदमेसाहेबांकडे गेली.

"साहेब, माझं पोर नेलं हो!"

"अरेरे. निरोप मिळाला होता का?"

"एकच मिळाला."

"मग मिळाला ना! यंत्रणेचा दोष नाही."

"अहो, एक खॅक म्हणजे ठसका! तो बिचारा किती वेळा ओरडत होता!"

"तेच तर! बाकीचे आम्ही गिळले. सोय उत्तम चालली म्हणायची." साहेबांचा चेहरा खुलला. "आणि ही सोय तुम्हालाच हवी होती ना? टाळ्या तुमच्याच जास्त होत्या."

लेकराच्या झोपेसाठीच वाजवल्या होत्या तिने टाळ्या.

"तक्रार असेल तर पेटीतून करा," साहेब पट्टा सारखा करत म्हणाले. "राजेसाहेबांपर्यंत थेट जाईल."

त्याच सायंकाळी धोंडबाला उघड्यावर बोंबलल्याबद्दल झाडावरून खाली उतरवलं. बिबटरावांनी नव्या प्रणालीबद्दल अभिप्राय दिला, तो दरबारात वाचून दाखवला. अतिशय समाधानी ग्राहक.

मग राजेसाहेबांनी विचारलं, "प्रजा कशी आहे?"

"सुखात आहे महाराज," उदमेसाहेब म्हणाले. "पूर्वी नुसता गोंगाट असायचा. आज अख्ख्या जंगलातून रडण्याचा आवाज फक्त एकदा आला."

"वा!" म्हणून राजेसाहेब झोपले.

आणि इकडे ठिपकी वेलीपाशी उभी होती. "माझं पोर नेलं," ती म्हणत होती. हिरवा दिवा लागत होता. "माझं पोर नेलं." पेटी धन्यवाद म्हणत होती. "माझं पोर नेलं हो." आईला दुसरं काय सुचणार, तुम्हीच सांगा.

तात्पर्य: संकटात दोनदा ओरडू नये, मुलांनो. एकदा ओरडून कुणी आलं नाही तर आपलं नशीब समजावं. पुन्हा ओरडूनही कुणी आलं नाही तर यंत्रणा सुधारली आहे असं समजावं, आणि टाळ्या वाजवाव्यात.