सूर काही मरेना

दारावरची बेल तिसऱ्यांदा वाजली तेव्हा कुठे ती सेक्रेटरींना ऐकू आली. त्यांच्या कानांवर हेडफोन होते, मांडीवर इलेक्ट्रिक गिटार होती आणि पायापाशी एक निळी डबी होती. बेल ऐकताच ते चोरी पकडली गेल्यासारखे ताडकन उठले.

दचकायचं कारण त्यांनीच खाली जिन्यापाशी डकवलं होतं. 'इमारतीत कोणतेही वाद्य वाजवू नये. – सेक्रेटरी.' नियम केला होता चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या ड्रमसाठी. बिचारीचे ड्रम गेले, आणि तेव्हापासून ती जिन्यात ह्यांच्याकडे बघेनाशी झाली. "तिचं बंद केलंत ना? मग आता आपल्या घरातही काही वाजता कामा नये," असं बायकोनं तेव्हाच बजावलं होतं. आणि हे महाशय! निवृत्त झाले, दुपार खायला उठली, तशी कॉलेजातली गिटार माळ्यावरून काढली आणि बायको ऑफिसला गेली की छोट्या खोलीत बसून वाजवायला लागले. हेडफोन लावले की ॲम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, स्पीकर बंद होतो, म्हणजे बाहेर आवाज नाही, म्हणजे नियम मोडला असं काही म्हणता येत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. नियम करणाऱ्यांना अशा वाटा बरोबर सापडतात.

निळी डबी म्हणजे गिटारला जोडायचा कम्प्रेसर. आदल्या दिवशीच आणलेला. बोटं आताशा सारखी पडत नव्हती. एक सूर दणकन वाजायचा, दुसरा मुळी उमटायचाच नाही. दुकानदार म्हणाला होता, "हा मोठ्या आवाजाला दाबतो, बारक्याला वर उचलतो. आणि हे बटण सबंध फिरवलंत ना, की सूर मरतच नाही बघा!" सेक्रेटरींनी घरी येऊन आधी तेच बटण सबंध फिरवलं होतं.

तर, ते उठले. हेडफोन गळ्यात आले, त्यांची वायर ॲम्पमधून उपटून निघाली आणि स्पीकर चालू झाला. पण हे त्यांच्या गावीही नाही. गिटार त्यांनी ॲम्पलाच टेकवली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि बेलकडे धावले. मागे ॲम्पच्या थरथरीनं तारा हलू लागल्या, तारांच्या थरथरीनं ॲम्प, आणि तो बारीकसा सूर कम्प्रेसरनं इमानेइतबारे वर उचलला.

दारात खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. जन्मभर मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्यांच्यासमोर सेक्रेटरींचे हात आपोआप मागे जात.

"सेक्रेटरी, माझ्या डोक्यावर दुपारचं कुणीतरी कण्हतं."

"कण्हतं?"

"विव्हळतं म्हणा. आत्तासुद्धा चालू होतं. चला, ऐकवते."

गिटारबद्दल एक अक्षर नाही! सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. ते खुशीत खाली गेले. बाईंच्या घरात कण्हणं नव्हतं, पण भिंतीतून एक संथ आवाज येत होता. घूंऽऽऽ.

"हे बघा, कण्हणं थांबलं आणि हे सुरू झालं," बाई म्हणाल्या. "भिंत फुटणार नाही ना?"

"तुम्ही काळजीच करू नका. मी छडा लावतो."

मनात खोट असलेला माणूस नको इतका उत्साही होतो. त्यांनी आधी पाण्याचा पंप बंद केला. आवाज तसाच. मग लिफ्ट बंद केली, तर तळमजल्यावरचे शिंपी दोन मजल्यांच्या मध्ये अडकून ओरडू लागले. त्यांना खाली आणेपर्यंत अर्धी इमारत जिन्यात जमा झाली. कुणी म्हणालं पाइप, कुणी म्हणालं उंदीर. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावणं गेलं.

लिफ्ट बंद, म्हणून चौथ्या मजल्यावरची मुलगी पायी उतरत होती. गर्दी बघून थांबली आणि तिनं बाईंच्या भिंतीला कान लावला.

"ही मोटर नाही. मोटर घरघरते. हा सूर आहे, एकदम स्वच्छ. आणि गंमत बघा, मरतच नाहीये."

सेक्रेटरींना दुकानदाराचे शब्द आठवले. हात गळ्याकडे गेला. गळ्यात हेडफोन! वायर पार गुडघ्यापर्यंत लोंबतेय! त्यांनी सगळं लगबगीनं शर्टात कोंबलं.

"मी... मी जरा वर जाऊन पाणी पिऊन येतो."

"वर कुठलं पाणी? पंप तुम्हीच बंद केलाय," बाई म्हणाल्या. "माझ्या माठातलं घ्या. बसा इथेच."

त्यांनी पाणी घेतलं. पद गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं हो. पण त्या पोरीला जिन्यात तोंड कसं दाखवायचं? आणि बायकोला?

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं खालून मेन स्विच पाडला. आवाज बंद. परत लावला, थोड्या वेळानं सूर पुन्हा उगवला.

"कुणाच्या तरी घरातलं आहे, साहेब. वरून सुरू करतो, एकेका घराची वीज बंद करून बघू."

"कशाला? लोकांना उगाच त्रास," सेक्रेटरी म्हणाले.

"असू दे की त्रास, काका," मुलगी गोड आवाजात म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली होती. "नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच म्हणाला होतात."

चौथ्या मजल्यापासून सुरुवात झाली. खाली बटण पडे, बाई दारातून ओरडत, "आहे!" पुढचं बटण. "आहे!" तेवढ्यात बायको ऑफिसातून आली. तिनं गर्दी बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला, शर्टाखालून डोकावणारं वायरचं टोक बघितलं आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आता तिसरा मजला. शेजारच्यांचं बटण. "आहे!"

मग त्यांचं.

"थांबला!"

सगळ्या माना सेक्रेटरींकडे वळल्या.

"आमचा फ्रीज असणार," बायको शांतपणे म्हणाली. "किती दिवस सांगतेय ह्यांना बदला म्हणून. ऐकतील तर शपथ."

"फ्रीज? इतका सुरात, काकू?" मुलीनं विचारलं.

"जुना आहे ना. पूर्वी वस्तू चांगल्या बनायच्या."

मुलगी काकूंकडे बघत राहिली आणि एकदम खोकल्याचं निमित्त करून वळली.

"मग आजच्या आज बाहेर काढा तो," बाईंनी हुकूम सोडला.

"आत्ता काढतो," सेक्रेटरी म्हणाले. बायको आधी वर गेली आणि छोट्या खोलीतला प्लग काढून आली. तो धडधाकट फ्रीज लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तो जिन्यानं उतरवला. त्याचा एक कोपरा खुद्द सेक्रेटरींच्या खांद्यावर होता. इलेक्ट्रिशियननं तो आनंदानं घरी नेला. म्हणतात, तिथे तो काडीचाही आवाज करत नाही.

आठवड्यात दोन दारांचा नवा फ्रीज आला. बायको त्याच्या दारावरून हात फिरवत असताना सेक्रेटरींनी धीर करून विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"पहिल्याच दिवशी. डोकं दुखतं म्हणून लवकर आले होते. दारातूनच परत गेले."

"पण मी तर हेडफोन लावतो! गिटारचा आवाज बाहेर येतच नाही."

"गिटारचा नाही येत. पण अहो, हेडफोन तुमच्या कानांना असतात, गळ्याला नाही. तुम्ही वाजवता वाजवता गाता."

सेक्रेटरी मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे बाईंना ते कण्हणं..."

"हो."

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर ड्रम परत चढले. मुलगी जिन्यात थांबून म्हणाली, "काका, ते बटण अर्ध्यावर ठेवा. रविवारी या, एकत्र वाजवू." खाली जुना कागद निघाला होता. नवा बायकोनं सांगितला आणि सेक्रेटरींनी मुकाट्यानं लिहून डकवला: 'दुपारी चार ते सहा वाद्य वाजवण्यास हरकत नाही. कोणीही गाऊ नये. – सेक्रेटरी.'