सगळं सोडा

उघडी ट्रंक. आत पलटणीतला कोट.

लोणच्याच्या बरणीचं फडकं चुलीपाशी. बरणीत माश्या.

शेजाऱ्याच्या उसात बैलाची शेपूट.

मानसिंगच्या डाव्या हातात स्वतःचाच पायजमा.

कोरेगावपासून दोन कोसांवरच्या त्या घरात चंद्राबाई कालपासून अडली होती. बाई अडली की घरातली गाठ न् गाठ सोडायची, म्हणजे तिची सुटका होते, असं सासू बयाबाईचं म्हणणं. कुलपं उघडली, बायकांचे अंबाडे सुटले, शेळ्या सुटल्या, बैल सुटले. लढाईतून रजेवर आलेल्या मुलाच्या, चंद्राबाईच्या नवऱ्याच्या, पायजम्याची नाडीही तिने ओढून काढली.

"आये, पलटनीत असं कोन करत न्हाई!"

"पलटनीत कोन बाळंत हुतं रं?"

सुईण दगडाबाई बाहेर आली. चंद्राबाईचे पाय सुजले होते, तोंड सुजलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दगडाबाईने तिला डाव्या कुशीवर निजवलं होतं.

"बयाक्का, हे माझ्या हातातलं न्हाई. गाडी जुंपा. दवाखाना गाठा."

गाडी होती. बैल नव्हते. एक उसात सापडला, दुसरा पार ओढ्यापलीकडे. एका हाताने बैल आणि दुसऱ्याने अब्रू धरून मानसिंग परतला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चंद्राबाईला गाडीत निजवलं. जू बैलांच्या मानेवर ठेवलं. गळ्याखालून बांधायच्या जुपण्या मात्र बयाबाईने हिसकावून घेतल्या.

"गाठ मारशील तर माझं मेलं तोंड बघशील!"

"न बांधता बैल कसं चालत्याल?"

"तू जू धरून चाल की म्होरनं."

मानसिंगने तेही केलं. चौथ्या पावलाला जू खाली आलं, बैल उसाकडे वळला आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे पायजमाही गेला. गल्ली हसली. मग गाडीतून ओरडणं आलं आणि हसू थांबलं.

"आत्ती," चंद्राबाई कण्हत म्हणाली, "बैल न्हाई बाळंत हुयाचा. मी हुयाची हाय. बांधा की वं!"

बयाबाई उभीच राहिली. दगडाबाई तिच्याकडे बघतही नव्हती. ओल्या फडक्याने चंद्राबाईचे ओठ पुसत होती. बयाबाई पुढे झाली आणि दोन्ही जुपण्या तिने स्वतः बांधल्या. दुहेरी गाठ, सोडायला कोयता लागेल अशी. मग नाडी मुलाच्या अंगावर फेकली.

"ही बी घाल. डाक्टरम्होरं काय असाच जानार हाईस?"

वाटेत चंद्राबाईला एकदा झटका आला. दिवस कलताना डॉक्टरांनी चिमटा लावून मुलगी काढली. ती रडली. आईला शुद्ध यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिने पहिलं विचारलं, "शेळ्या घावल्या का?"

बयाबाईची थोरली लेक अकरा वर्षांपूर्वी त्याच घरात पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हा बैल गोठ्यातच बांधलेले होते.