संदर्भ क्रमांक एक्केचाळीस

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क वारले तेव्हा मोक्षधामात कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "झोपेतच गेले म्हणे." मागून मेश्रामजींनी विचारलं, "हे प्राथमिक स्रोतातून हाये, का दुय्यम?" सांगणारा गडबडला. "दुय्यम," तो म्हणाला. "मंग 'म्हणे' लावलं ते बरं केलं," असं म्हणून मेश्रामजींनी चितेकडे वळून हात जोडले.

मेश्रामजी म्हणजे दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजातले ग्रंथालय सहायक. दिग्रसची एसटी बंद आहे म्हटलं तरी त्यांचं सुरू, "कोनी सांगतलं? कवा सांगतलं?" लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे. मीही एक-दोनदा बदललाय.

त्यांचा जीव फक्त एका गोष्टीत होता. संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर. कुणी पीएचडीला नाव नोंदवलं, की आठवड्याच्या आत ते त्याच्या लॅपटॉपवर चढवून मोकळे. "हे आपलं जिनिंग हाये, सर. लेख टाका, लेखक इकडं, साल तिकडं. रुई येगळी, सरकी येगळी." माझ्या लॅपटॉपवर 'नवीन', 'खरं नवीन', 'शेवटचं नवीन' अशा फायली पाहिल्या, तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि पाणी पिऊन परत आले. डाउनलोडच्या फोल्डरला ते उकिरडा म्हणत.

त्यांची स्वतःची पीएचडी अर्धवट सुटली होती. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं होतं.

मी बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. पीएचडी नसेल तर पुढच्या सत्रापासून तेही नाही, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. कापूस बाजारावर कसाबसा प्रबंध लिहिला, संदर्भांची यादी मेश्रामजींनी लावली आणि मी ती न वाचताच सही ठोकली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"एक्केचाळीस. मेश्राम, अनुसया. हे पुस्तक कुठं मिळेल?"

मेश्राम आडनाव आमच्याकडे गल्लोगल्ली, त्यामुळे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. "आवृत्ती संपली आहे, सर," मी ठोकून दिलं.

"प्रकाशक?"

मी पान पाहिलं, तिथं फक्त नाव आणि साल होतं. आठ दिवसांत पुस्तक दाखवा किंवा नोंद काढा, नाहीतर प्रबंध परत, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयात जाऊन मेश्रामजींवर ओरडलो, "ही बाई कोण? स्रोत दाखवा!" परीक्षेत काय घडलं तेही सगळं ऐकवलं. त्यांनी कॉम्प्युटरवर नोंद उघडली. प्रकार: मुलाखत. सोबत आवाजाची एक फाईल जोडलेली. त्यांनी ती लावली.

"बोंडाचं टोक नखाखाली घुसते, राजा," एक म्हातारी सांगत होती. "म्हनून कापसाच्या दिवसात आमी वेचनाऱ्या बाया तिखटाले बोटं लागू देत नाई. कोरडी भाकर खातो." मग तिनंच विचारलं, "हे पुस्तकात येईन का?"

"येईन, माय." हा आवाज मेश्रामजींचा होता, तरुणपणीचा.

त्यांनी फाईल बंद केली. "माह्या प्रबंधातून कमिटीनं तिले काढाले लावलं. बाई अडानी, छापील काई नाई, तर हा संदर्भच नाई म्हने. मी काढलं नाई. मुदत संपली, नोंदणी गेली. माय बी त्याच साली गेली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिखटाचं मीच तुमाले चहा पितानी सांगतलं होतं. तुमी लेहलं. मी फक्त स्रोत लावला."

मला आठवलं. माझ्या मार्गदर्शकांनी अख्ख्या प्रबंधात शाबासकी दिलेलं ते एकच वाक्य होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुलाखत आहे असं परीक्षकांना सांगितलं तर?" मी पुटपुटलो.

"तुमी तर त्याइले आवृत्ती संपली म्हनून सांगून आले."

नोंद राहू द्या, असं मी म्हणायला हवं होतं. मला नोकरी हवी होती, मी म्हणालो नाही.

"आना लॅपटॉप," ते म्हणाले. मी स्वतः करतो म्हटलं, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "राहू द्या. तुमच्या हातानं भलतंच काई उडून जाईन."

त्यांनी चष्मा पुसला, आईचं नाव निवडलं आणि काढून टाकलं. बेचाळीसचा एक्केचाळीस झाला, त्रेचाळीसचा बेचाळीस. आकडे आपोआप वर सरकले, यादीत कुठं फट राहिली नाही. मेश्रामजींनी ती बोट लावून शेवटपर्यंत तपासली.

वाक्य होतं तिथंच राहिलं. त्याच्यापुढे आता कुणाचा आकडा नव्हता, म्हणजे ते माझं झालं होतं. त्या वाक्यासकट मी डॉक्टर झालो.