सरोवर नगरीचा लॅपटॉप कोरा झाला त्याची हकीकत

सुशिक्षित माणूस ओळखायची एक खात्रीची खूण आहे. मोडलेल्या वस्तूला तो हात लावत नाही. चालू असलेली मात्र सुधारायला घेतो. दगडाबाईंचा शिवराज या हिशोबानं लई सुशिक्षित निघाला. तसं त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं. दारू नाही, तंबाखू नाही, वाळूजच्या कंपनीत गळ्यात बिल्ला घालून वेळेवर जायचा. दगडाबाईंची तक्रार एवढीच, की त्यानं आईच्या हातातली काठी काढून घेतली आणि तिच्या जागी लॅपटॉप आणून ठेवला.

काठीचं महत्त्व समजायचं तर आधी वसाहत समजली पाहिजे. बजाजनगरच्या पुढं, जिथं डांबर संपतं आणि प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात, तिथं 'सरोवर नगरी, फेज दोन' आहे. (फेज एक कुणी पाहिलेली नाही.) सरोवर छापील नकाशात आहे, निळ्या शाईत. घरं चौऱ्याऐंशी, नळ चौऱ्याऐंशी, नळांना आजवर आलेलं पाणी शून्य. म्हणजे वाटप अगदी समान आहे आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. नळाला भाजीच्या पिशव्या चांगल्या अडकतात.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं, टँकरचं चौथं. दर शनिवारी नऊ वाजता बिभीषणचा टँकर यायचा. त्यात साठ ड्रमांचं पाणी. चौऱ्याऐंशी घरांत साठ ड्रम कसे वाटायचे हे गणित शिकलेल्या कुणाला सुटलं नाही. दगडाबाईंना सुटलं, कारण त्या शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या होत्या आणि पुढं मेंढरांमागं. विहिरीवर कळप पाजायचा त्यांच्याकडचा रिवाज असा, की काल जी मागं राहिली ती आज पुढं. नाहीतर दांडगी रोज पितात आणि लंगडी रोज धुराळा चाटतात. हाच कायदा त्यांनी ड्रमांना लावला. गेल्या शनिवारी ज्या चोवीस घरांचे ड्रम कोरडे गेले, ती घरं या शनिवारी आधी. मग राहिलेली ओळीनं. कागद नाही, पेन नाही. हातात काठी, डोक्यात चौऱ्याऐंशी ड्रम. चार वर्षांत एकच भांडण झालं, आणि ते पाण्यावरून नव्हतं.

अशी अडाणी व्यवस्था फार दिवस चालू देणं योग्य नव्हतं. वैजापूरकडं कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले काकासाहेब वसाहतीत राहायला आले, तेव्हा त्यांचा सहीचा हात रिकामा होता. महिन्याभरात 'पाणी वाटप पारदर्शकता समिती' निघाली. काकासाहेब अध्यक्ष, शिवराज सचिव. पाण्याचा एक थेंब वाढला नाही, पण त्याची कार्यवाही चौपट झाली.

"आई, तुझं सगळं बरोबर असतंय," शिवराज म्हणाला, "पण ते अपारदर्शक हाय."

"म्हंजे रं?"

"म्हंजे बाकीच्यांना दिसत नाय."

"भरलेला ड्रम दिसत नाय? मग डोळ्याच्या डाक्टरकडं न्या की त्यांला."

पाळीची यादी लॅपटॉपात गेली. समितीनं अकरा नियम केले. त्यातला चौथा काकासाहेबांनी स्वतः तीन वेळा खोडून लिहिला होता: 'यादी पडद्यावर दिसत असल्याखेरीज कोणत्याही ड्रममध्ये नळी सोडण्यात येऊ नये.' दगडाबाई काठी भिंतीला टेकवून ओट्यावर बसू लागल्या. मात्र डोक्यातली मोजणी बंद करा असा ठराव कुणी केला नव्हता, म्हणून ती चालू राहिली.

पुढं उन्हाळा वाढला तसा लॅपटॉप मंदावला. यादी उघडायला अकरा मिनिटं लागू लागली. (दगडाबाईंना एक श्वास लागायचा.) तेव्हा एका शनिवारी सकाळी सात वाजता, टँकर यायला दोन तास असताना, शिवराजनं लॅपटॉपात नवी सिस्टम टाकायला घेतली. अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो म्हणाला. घरात त्याची बायको शालू, तीन महिन्यांचं लेकरू आणि तळाला गेलेला एक ड्रम होता. तिनं फक्त ड्रममध्ये वाकून बघितलं.

नवी सिस्टम पेनड्राईव्हवर घ्यावी लागते. घरात पेनड्राईव्ह एकच, आणि त्यात पाळीच्या यादीची सुरक्षित प्रत ठेवलेली होती. मशीननं विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? शिवराजनं 'हो' दाबलं. मग लॅपटॉपनं विचारलं, माझ्यातलंही सगळं पुसू का? शिवराजनं तिथंही 'हो' दाबलं. पोरीला मागणी घालताना विचारत नाहीत एवढ्या आदबीनं त्या यंत्रानं दोनदा विचारलं, हे इथं नमूद करणं न्यायाचं होईल.

त्यानंतर सिस्टम बसू लागली. टक्के चढत चढत शंभरावर गेले, पडदा काळा झाला, लॅपटॉप आपला आपण पुन्हा सुरू झाला आणि म्हणाला, कोणतंही एक बटण दाबा. शिवराजनं दाबलं. आणि सिस्टम पहिल्यापासून बसू लागली.

आठ वाजता काकासाहेब नोंदवही घेऊन आले. ती वही आजही उपलब्ध आहे. तिच्यातला उतारा असा:

स. ८.०५. यंत्राने बटण दाबण्याबाबत सूचना दिली. सूचनेचे तत्काळ पालन केले. काम पुनश्च प्रारंभी.
स. ८.३०. पुनश्च सूचना. पुनश्च पालन. या वेळी मोठे बटण दाबले.
स. ८.५५. यंत्र तापल्याने कूलरसमोर ठेवले. (कूलरमध्ये पाणी नसल्याने गरम हवा मिळाली.) सूचनेचे पालन.
स. ९.००. टँकर हजर.
स. ९.२०. पुण्याच्या भाच्यास फोन. भाचा झोपेत. सूचनेचे पालन अध्यक्षांनी स्वहस्ते केले, कारण सचिवांच्या बोटाबद्दल शंका आली.

बाहेर चौऱ्याऐंशी ड्रम उन्हात उभे होते. बिभीषण टँकरच्या टपावरून ओरडला, "ओ साहेब, साडेअकराला चाक हलणार बरं का! पुढच्या कॉलनीत लोक वाट पाहू राहिलेत. भरलेला टँकर असला तरी मी थांबत नसतो."

"नियम चारप्रमाणे आम्हाला पाणी घेता येत नाही," काकासाहेब समजुतीनं म्हणाले.

"मग नियम भरा ड्रममध्ये!"

टँकरच्या तोटीतून बारीक धार गळत होती. तिच्याखाली एक शेळी तोंड लावून उभी होती. शेळीचं नाव यादीत नव्हतं. पण यादीच नसल्यानं ते सिद्ध करता येईना, म्हणून तिच्यावरची कारवाई तहकूब झाली.

दहा वाजता दगडाबाई ओट्यावरून उठल्या, भिंतीची काठी घेऊन आत आल्या आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्या. एक फेरा त्यांनी पूर्ण पाहिला. टक्के चढले, पडदा काळा झाला, बटण दाबायची सूचना आली, शिवराजचं बोट पुढं सरकलं.

दगडाबाईंनी काठी त्या बोटावर ठेवली.

"आई, तो म्हणू राहिलाय दाब म्हणून!"

"त्यो म्हणला अन् तू दाबलं. सकाळधरनं किती बारी दाबलं?"

"सहा."

"न दाबता काय होतं ते बघितलं का एक बारी तरी?"

हा प्रश्न समितीच्या विषयपत्रिकेवर नव्हता.

"मेंढरं वाड्यात मोजून घेतली," त्या म्हणाल्या, "अन् मागलं फाटक उघडं ठिवलं, तर तीच मेंढरं भाईर जातेत अन् पुढून परत येतेत. येडा माणूस ऐंशीची तीनशे मोजतो अन् खूश होतो. फाटक तूच उघडू राहिलास, बाबा. बस गप."

शिवराजनं बोट मागं घेतलं. तीस वर्षं आलेल्या प्रत्येक सूचनेचं पालन केलेल्या काकासाहेबांना ते बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं. पडदा थोडा वेळ काळा राहिला, मग उजळला. (बटण दाबलं की पेनड्राईव्हवरून पहिल्यापासून, न दाबलं की आत बसलेली सिस्टम सुरू, असा तो प्रकार होता.) काही फेरे, काही नमस्कार-चमत्कार झाले आणि नवी सिस्टम चालू झाली. पूर्वीपेक्षा वेगवान, स्वच्छ, चकचकीत.

इतकी स्वच्छ की आत काहीच नव्हतं.

यादी लॅपटॉपात नव्हती. सुरक्षित प्रत पेनड्राईव्हात नव्हती. नियम चार मात्र भिंतीवर होता. घड्याळात साडेदहाला पाच कमी होते.

अशा वेळी लोकशाहीचा आधार घेतात. काकासाहेब बाहेर आले आणि ओट्यावर उभे राहून म्हणाले, "गेल्या शनिवारी ज्यांचे ड्रम कोरडे गेले, त्यांनीच कृपया हात वर करावेत."

गेल्या शनिवारी चोवीस ड्रम कोरडे गेले होते. हात एकसष्ट घरांचे वर झाले. (द्वारकाबाईंनी दोन्ही केले, घर एकच धरलं आहे.) म्हणजे आठ दिवसांत वसाहतीतला कोरडेपणा अडीच पटीनं वाढला, आणि ज्यांनी भरून घेतलं होतं त्या साठांपैकी सदतीस जणांना भरल्याची आठवण राहिली नाही. यात कुणी खोटं बोललं असं म्हणता येणार नाही. तहानेनं स्मरणशक्ती जाते. बाकीचे तेवीस हात खाली राहिले, त्यातल्या काहींना काकासाहेब काय म्हणाले ते ऐकू गेलं नव्हतं. (आपला हात खालच्या तेवीसात असता, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. त्या सदतीस जणांनाही आदल्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं.)

बिभीषणनं इंजिन चालू केलं. त्याबरोबर सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

"दगडाबाई," काकासाहेब खाकरले, "आपल्या स्मरणात काही असल्यास..."

"माझं अपारदर्शक असतंय, काकासाहेब."

"समिती ते... तात्पुरतं पारदर्शक समजेल."

दगडाबाईंनी पदर खोचला आणि काठी घेतली. बिभीषणनं न सांगता इंजिन बंद केलं. त्या ओळीच्या शेपटाकडून निघाल्या आणि काठीनं एकेका ड्रमला ठोका देत चालल्या. "आवडाबाई, तुझा कोरडा गेला, ये. पुंजाराम, तुमचा. रामहरी, तुझा बी. द्वारकाबाई, हात खाली घ्या, तुमचा गळ्यापोतर भरला व्हता, वर कळशी बी भरली." चोवीस ठोके झाले. ठोका न मिळालेले हात एकेक करून खाली आले, कुणी डोकं खाजवलं, कुणी टोपी नीट केली. मग ओळीचं तोंड: गेल्या वेळी भरलेल्यांतल्या पहिल्या घरापासून छत्तिसाव्यापर्यंत. साठ झाले की टँकर संपणार होता.

दगडाबाईंचं घर गेल्या वेळी अठ्ठावन्नावं भरलं होतं. म्हणजे या वेळी त्यांचा ड्रम कोरडा जाणार, हे त्यांना काठी उचलायच्या आधीच ठाऊक होतं.

ते शिवराजलाही ठाऊक होतं. नळी सुरू होऊन विसावा ड्रम भरत असताना तो आईच्या मागं येऊन उभा राहिला आणि आवाज खाली ठेवून म्हणाला, "आई, आपलं बी त्या चोवीसात घे की. लेकरू हाय घरात. यादी नाय, काय नाय. कुणाला कळणार?"

दगडाबाईंनी वळून पाहिलं. पारदर्शकता समितीच्या सचिवाचा उजवा हात मघापासून वरच होता. सगळे हात उतरले तरी तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

दारात शालू लेकराला खांद्यावर घेऊन उभी होती. दगडाबाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं. मग बिभीषणला नळी थांबवायची खूण केली, म्हणजे पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको. आणि चौऱ्याऐंशी घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या:

"हात खाली घे, शिवराज. आपला नंबर पुढल्या शनवारी हाय. तवर माझ्या आंघोळीचं पाणी लेकराला. अन् त्या डबड्याला नाव नको ठिवू. सगळं पुसायच्या आधी त्यानं तुला दोनदा इचारलं. तू कुणाला इचारलं?"