हुसेनचाचांचं इनाम

कोल्हापुरात माणसं भेटली की रामराम घालतात, सलाम करतात. हुसेनचाचा विचारायचे, "सकाळी पोट साफ झालं का?" तेही भर रस्त्यात, ओरडून. एकदा वरातीचा घोडा अडवून त्यांनी नवरदेवालाच विचारलं. नवरदेव लाजला. घोडा मात्र तिथल्या तिथं उत्तर देऊन मोकळा झाला. "बघा!" चाचा वऱ्हाडाला म्हणाले, "जनावराला लाज न्हाय, म्हणून ते जगतंय."

चाचा महाराजांच्या शिकारखान्यात चित्तेवान. शिकारीचे चित्ते सांभाळायचे. उजाडलं की आधी चित्त्याची विष्ठा बघायची, मग न्याहारी. तीच नजर घेऊन ते माणसांत यायचे. अंदाज बहुतेक चुकायचे. त्यांच्या मते निम्म्या पेठेला जंत होते.

मी मालवणाकडचा. चौथीत शाळा सोडून गुळाच्या पेठेत तोलायला लागलेला, चाचांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. इथं आपलं कुणी नाही, म्हणून साधी शिंक आली तरी धास्ती. आणि एके दिवशी शौचाला रक्त पडलं. बरेच दिवस कुणाला बोललो नाही. चाचांनी विचारलं की "होय होय" म्हणून सटकायचो.

शेवटी त्यांनी दारच अडवलं. "पावणं, तोंड का पडलंय? रगत हाय?"

"चाचा, हळू! माका लाज वाटता."

"लाज वाटतीया? मग मर की!" म्हणत त्यांनी मनगट धरलं, ते दवाखान्यात नेऊनच सोडलं.

डॉक्टरांनी आतली गाठ काढली. म्हणाले, "वेळेत आलास." अशीच गाठ पुढं विखारी होऊन माणूस नेते, आता त्याला आतड्याचा कर्करोग म्हणतात. ती विखारी का होते, हे त्यांना शोधायचं होतं. "गाठीचा पातळ काप मोठ्या भिंगाखाली बघायला हवा. कारण कळलं तर औषधाची वाट सापडेल. पण यंत्र विलायतेहून यायचं, आणि असल्या कामाला पैसा देतो कोण?"

यंत्र केवढ्याला पडतं, ते चाचांनी दोनदा विचारून घेतलं.

त्या हिवाळ्यात त्यांच्या चित्त्यानं एका पाहुण्या सरदारांसमोर काळवीट झोकात पाडलं. सरदार खूश. "माग, काय हवं ते!" अशा वेळी चित्तेवान सोन्याचं कडं मागतात. चाचांनी मुजरा करून दवाखान्यासाठी भिंगाचं यंत्र मागितलं. "आतड्यातली गाठ बघायला." सगळा तळ हसला, असं शिकारखान्यातले लोक पुढं कितीतरी दिवस सांगायचे.

"तुझं पोट दुखतंय काय?" सरदारांनी विचारलं.

"न्हाय सरकार. माझं न्हाय."

यंत्र आलं. दर शुक्रवारी नमाज झाला की चाचा दवाखान्यात जाऊन एक डोळा मिटून बघायचे. कळायचं काही नाही. "घावला का चोर?"

"अजून नाही, पण माग लागलाय," डॉक्टर म्हणायचे.

"माग लागला म्हंजे घावतोयच की!"

एकदा परतताना मी विचारलं, "चाचा, कडं सोडून हे का मागितलंत?"

ते बोलले, कधी नव्हे ते हळू आवाजात. "आमची बायको ह्यातच गेली. लाजंपायी शेवटपर्यंत बोलली न्हाय. चित्त्याचं मी रोज बघत हुतो. तिला कधी इचारलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी पेठेत ऐन गर्दीत, गुळाच्या ढेपांपलीकडून हाक आली, "पावणं, झालं का साफ?"

मी तागडी खाली ठेवली आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडलो, "साफ हाय, चाचा!"