सातवी ‘ब’मधली रात्रपाळी

सातपूरच्या त्या शाळेत सातवी ‘ब’ बोलत नसे. प्रश्न विचारला की अख्खा वर्ग बाकाकडे बघायचा. तेजलबाईंची नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि ती पक्की करणारे साहेब शुक्रवारी वर्ग बघायला येणार होते.

बाईंनी नुकतंच बाल-मानसशास्त्राचं प्रशिक्षण घेतलं होतं. गप्प मूल हे भ्यालेलं मूल असतं, ते बोललं की लगेच कौतुक करा, असं त्यात सांगितलं होतं. बाईंनी कौतुक सुरू केलं. कुणी मोठ्यानं उत्तर दिलं, मग ते चुकीचं का असेना, की टाळ्या. आठवड्याभरात वर्ग असा पेटला की सातवी ‘अ’नं खिडक्या लावून घेतल्या.

शुक्रवारी साहेबांच्या आधी रिदाचे अब्बा, मुझफ्फरभाई येऊन थडकले. रात्रपाळी करून थेट. डोळे लालबुंद.

“मॅडम, काय केलं तुम्ही? मी दिवसा झोपलो की रिदा पाढे ओरडते. अन् तिची अम्मी टाळ्या वाजवते!”

“अहो भाई, भीती गेली तिची.”

“भीती कसली? आमच्या वस्तीत निम्म्या पोरांचे बाप रात्रपाळीला. पोरं हळू बोलतात, बस्स!”

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. “भाई, प्लीज, मागच्या बाकावर बसा. नंतर बोलू.”

मागचा बाक पंख्याखाली होता. मुझफ्फरभाई बसले आणि घोरू लागले.

“पान हिरवं का असतं?” साहेबांनी खड्या आवाजात विचारलं.

सगळ्या वर्गानं ओठांवर बोट ठेवलं. बाईंना आपली नोकरी खिडकीतून जाताना दिसली.

रिदा चवड्यांवर चालत पुढे आली. “सर, हळू विचारा ना. अब्बा झोपलेत.”

साहेबांनी मागे पाहिलं. मग वाकून, कुजबुजत तोच प्रश्न विचारला. कुजबुजत उत्तर आलं, तेही बरोबर. मग दुसरं, तिसरं. मुलं साहेबांच्या खुर्चीभोवती गोळा झाली. राकेशनं तर त्यांच्या कानाशी लागून उलट विचारलं, “मग लाल माठ लाल का?” साहेबांनी घाम पुसला.

निघताना ते दारात हळूच म्हणाले, “बाई, असा बोलका वर्ग मी पाहिला नाही. नोकरीचं माझ्याकडे लागलं. तंत्राचं नाव काय?”

“अजून ठेवलं नाही, सर.”

घंटा झाली. मुझफ्फरभाई दचकून उठले. “मॅडम, माझी तक्रार राहिलीच की!”

“सोमवारी या ना. येताना उशी आणा.”

मुझफ्फरभाईंनी वर पंख्याकडे पाहिलं. जरा विचार केला.

“भाऊ माझा, इमरान, तोपण रात्रपाळीलाच आहे. त्याला आणू का? तो घोरत नाही.”